दात पांढरे करण्याआधी भरलेले दात मोजा



तुळशीचे लग्न लागले की घराघरांत मुहूर्त पाहायला सुरुवात होते आणि या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. पूर्वी लग्नाआधीची पत्रे मुरुमांची आणि केसांची असत. आता ती दातांची असतात. "दात पांढरे करून घ्यावेत का?" असे विचारणाऱ्या पुष्कळजणी आहेत. पण जळगावच्या एका भगिनीने या वेळी जो प्रश्न विचारला आहे, तो फारसे कोणी विचारत नाही. खरे म्हणजे आधी तोच विचारायला हवा. त्यांचे पत्र थोडे आटोपते करून देते :

"माझी थोरली मुलगी सव्वीस वर्षांची. लहानपणी शाळेच्या पायऱ्यांवरून पडली तेव्हा समोरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा तुटला. तो डॉक्टरांनी दाताच्याच रंगाचं काहीतरी लावून भरून दिला होता. शिवाय दोन दाढांत चांदी भरलेली आहे. आता लग्न ठरलंय. मुलाकडच्यांनी दातांबद्दल एक अक्षर काढलेलं नाही, पण साखरपुड्याचे फोटो पाहून तिच्याच मनात आलंय की दात पिवळे दिसतात. एका दवाखान्यात चौकशी केली, तर म्हणाले, एकाच दिवसात दात पांढरे करून समोरचा दातही नवा भरून देतो. आमचे 'हे' म्हणतात, त्या औषधानं चांगलं भरलेलं फिलिंग पोकळ होईल, नसती उठाठेव नको. लग्नाला सात आठवडे आहेत. कोणाचं ऐकू?"

ताई, तुमच्या यजमानांचे थोडे बरोबर आहे आणि थोडे चूक. दवाखान्याने मात्र जे 'एका दिवसात' म्हटले आहे, त्याला तुम्ही नाही म्हणावे, असे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. का, ते आता सविस्तर पाहू. कारण हा प्रश्न एकट्या तुमचा नाही. आपल्यापैकी तिशी ओलांडलेल्या किती जणींच्या तोंडात एकही भरलेला दात नाही? हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच निघतील.

दात साफ करणे वेगळे आणि दात पांढरे करणे वेगळे, ही गोष्ट आधी ध्यानात घ्या. चहाचे, सुपारीचे, मिश्रीचे डाग आणि दातांच्या मुळाशी चढलेले कीटण हे सगळे दातांच्या वरून असते. दंतवैद्याकडे जाऊन एकदा दात साफ करून घेतले की ते निघते. "साफ केले की दात हलू लागतात" ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. अहो, हिरडी खाली सरकलेली असते ती कीटणामुळेच. कीटण निघाल्यावर ती जागा उघडी दिसते आणि दोष मात्र साफ करणाऱ्याच्या माथी येतो. पुष्कळजणींना दात साफ झाल्यावर आरशात पाहून वाटते, की एवढे पुरे, पुढचा खर्च नको. म्हणून पहिली पायरी हीच.

आता पांढरे करणे. यात जे औषध वापरतात ते आपल्या ओळखीचे आहे. जखमेवर ओतले की फसफसते ते हायड्रोजन पेरॉक्साइड. ते इनॅमलमधून म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचातून आत झिरपते, आतल्या पिवळसर थरापर्यंत पोहोचते आणि तेथे प्राणवायू सोडून रंगाचे मोठे रेणू तोडून टाकते. तुटलेले तुकडे रंगहीन असतात, म्हणून दात उजळ दिसतो. दवाखान्यात लावतात ते कडक असते, साधारण २५ ते ४० टक्के. हिरड्या झाकून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते लावायचे. घरी लावण्यासाठी देतात त्यात बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असते. त्यातून प्रत्यक्षात साडेतीन टक्क्यांच्या आसपासच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. दातांच्या मापाचा पातळ प्लास्टिकचा ट्रे करून घेतात, त्यात हे जेल घालतात आणि तो रात्री लावून झोपतात, असे दोनेक आठवडे. ही पद्धत निघाली तीही गंमतच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात एका दंतवैद्याने सुजलेल्या हिरड्यांसाठी हे औषध ट्रेमध्ये घालून दिले. हिरड्या तर बऱ्या झाल्याच, पण दातही उजळले! पुढे १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील हेवूड आणि हेमन या दोघांनी त्यावर शास्त्रीय लेख लिहिला आणि मग ती जगभर पसरली.

हे औषध दातावर काम करते. दातात भरलेल्या वस्तूवर ते तसे काम करत नाही. आपल्या प्रश्नाची खरी मेख येथे आहे. सुती सदऱ्याला टेरिलिनचे ठिगळ लावले आणि तो सदरा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात घातला, तर सदरा पांढरा होईल आणि ठिगळ आहे त्या रंगाचे राहील. आधी जे ठिगळ कोणाच्या लक्षातही येत नव्हते, ते आता लांबूनही दिसेल. समोरच्या दाताला पूर्वी लावलेले फिलिंग, चिनी मातीसारखी दिसणारी कॅप, पुलाचे बसवलेले दात, यांपैकी काहीही जेलने उजळत नाही. फार तर फिलिंगवर बसलेले वरचे डाग जातात. जळगावच्या ताईंच्या मुलीचा तो कोपरा आज दातात मिसळून गेला असेल. दात पांढरे झाल्यावर तो पिवळा तुकडा उठून दिसेल आणि बदलावाच लागेल. दात पांढरे करण्याचा खर्च विचारताना हा दुसरा खर्च त्यातच धरा. ज्यांच्या समोरच्या चार-सहा दातांत फिलिंग किंवा कॅप आहेत, त्यांनी तर हिशेब करूनच पाऊल टाकावे. नाहीतर पांढरे करणे स्वस्तात पडते आणि निस्तरणे महागात.

रंगाचे झाले. आता मजबुतीचे, ज्याची तुमच्या यजमानांना काळजी आहे. याचे उत्तर फिलिंग कशाचे आहे यावर ठरते.

दाताच्या रंगाचे जे फिलिंग निळा दिवा धरून घट्ट करतात, ते बहुधा कॉम्पोझिट असते. त्यात काचेचे अगदी बारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारे राळेसारखे एक रसायन असते. जेलचा परिणाम झालाच तर या राळेवर होतो, काचेवर नाही, आणि तोही वरच्या पातळ थरापुरता. प्रयोगशाळेतील प्रयोगांत काही कॉम्पोझिट जेलनंतर किंचित मऊ आणि खरखरीत झालेली आढळली, तर काहींत फरकच पडला नाही. जेल किती आंबट, किती कडक, किती वेळ ठेवले आणि कॉम्पोझिट कोणते, यांवर ते ठरते. शिवाय प्रयोगशाळेतल्या तुकड्यावर लाळ नसते, तोंडात ती सतत असते आणि औषध पातळ करत राहते. तेव्हा नीट बसलेले कॉम्पोझिट घरगुती जेलने 'पोकळ' होत नाही. खरखरीत झाले तर डॉक्टर ते पुन्हा गुळगुळीत करून देतात.

दुसरे पांढरे फिलिंग ग्लास आयोनोमरचे. हे इंग्लंडमध्ये १९७० च्या सुमारास विल्सन आणि केंट यांनी तयार केले. दाताला आपोआप चिकटते, फ्लोराइड सोडत राहते, म्हणून मुलांच्या दाढांत आणि हिरडीजवळ झिजलेल्या दातांच्या गळ्याशी ते भरतात. आपल्यापैकी ज्या जणी आडवा, दाबून ब्रश घासतात त्यांच्या सुळ्यांच्या गळ्याशी हे असण्याची शक्यता आहे. हे मात्र नाजूक असते. आंबट रसायनाने त्याचा वरचा थर विरघळतो आणि जेलने ते कॉम्पोझिटपेक्षा जास्त खरखरीत होते. वरून पाहून तुम्हाला कॉम्पोझिट कोणते आणि हे कोणते ते कळणार नाही. डॉक्टरांना कळते. म्हणून विचारा.

चांदी म्हणतो ती केवळ चांदी नसते हे तुम्हाला ठाऊक असेलच. वजनाने जवळजवळ अर्धा पारा आणि बाकी चांदी, कथील, तांबे यांची पूड, असे ते मिश्रण असते. चावण्याची त्याची ताकद जेलने कमी होते असे नाही. पण जेल त्याला लागून राहिले तर पारा नेहमीपेक्षा थोडा अधिक सुटतो, असे प्रयोगांत दिसले आहे. क्वचित चांदीच्या कडेने दात हिरवट दिसू लागल्याचीही नोंद आहे. मग काय करायचे? दाढा कोणाला दिसतात? जेल पुढच्या दातांपुरतेच घालायचे, ट्रेमध्ये मागे घालायचेच नाही. आणि हे वाचून कोणी घाईघाईने जुनी चांदी उकरून काढायला जाऊ नये, बरं का. चांगल्या स्थितीतली चांदी विनाकारण काढू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितले आहे. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त होते.

राहिले ते तात्पुरते फिलिंग, लवंगेच्या तेलाचा वास येणारे. ते मुळातच थोड्या दिवसांचे पाहुणे. ते तोंडात असताना दात पांढरे करायला घेऊच नये. आधी तो दात पुरा करून घ्यावा.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे फार घाबरण्यासारखे काही नाही तर! जुन्या फिलिंगच्या बाबतीत खरोखरच नाही. धोका आहे तो नव्या फिलिंगला, जे दात पांढरे केल्यावर लगेच भरतात त्याला. आणि नेमके तेच 'एका दिवसात' या योजनेत आहे.

हे नीट समजण्यासाठी फिलिंग दाताला धरून कसे राहते ते पाहावे लागेल. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील ब्यूनोकोर या दंतशास्त्रज्ञाने दाखवून दिले की इनॅमलला काही सेकंद सौम्य आम्ल लावले तर त्यावर अगदी बारीक खड्डे पडतात. आजही डॉक्टर फिलिंगआधी निळसर जेलीसारखे काहीतरी लावून धुऊन टाकतात ना, ते हेच. मग त्या खड्ड्यांत पातळ चिकटद्रव्य उतरते आणि निळा प्रकाश पडला की तेथल्या तेथे घट्ट होते. जणू फिलिंगला हजारो बारीक मुळ्या फुटतात आणि त्या दातात रुततात. समोरच्या दाताचा कोपरा तर केवळ या मुळ्यांच्याच जोरावर उभा असतो, त्याला दुसरा आधार नसतो.

चिकटद्रव्य आणि कॉम्पोझिट घट्ट होते म्हणजे काय होते? त्यातले सुटे रेणू एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात. या साखळ्यांचा एक शत्रू आहे, प्राणवायू. तो मध्ये आला की साखळी तेथेच तुटते. आता दात पांढरे करून झाल्यावर दाताच्या आत काय उरलेले असते? तोच प्राणवायू. जेल धुऊन टाकले तरी तो दातातून लगेच जात नाही, काही दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. अशा दाताला त्याच दिवशी फिलिंग लावले, तर ज्या ठिकाणी पकड हवी नेमक्या त्याच ठिकाणी चिकटद्रव्य अर्धेकच्चे राहते. मुळ्या कमी फुटतात, आखूड राहतात, ठिसूळ होतात.

तुम्ही वड्यांसाठी पाक करता. पाक चांगला पक्का झाला, आणि त्यात कोणी लिंबाचे चार थेंब पिळले, तर? गुलाबजामच्या पाकाला आपण मुद्दाम पिळतो, साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. पण वडीच्या पाकात पडले की वडी पडत नाही, कितीही घोटा. पाक दिसायला तोच, रंग तोच, पण धरत नाही. दातात उरलेला प्राणवायू म्हणजे ते लिंबाचे थेंब समजा.

ही माहिती काही आजची नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी १९८८ मध्ये गुरांच्या दातांवर प्रयोग करून, पेरॉक्साइड लावलेल्या इनॅमलला कॉम्पोझिटची पकड कमी मिळते हे दाखवले होते. त्यानंतर माणसांच्या काढलेल्या दातांवरही तेच पुन्हा पुन्हा दिसून आले. दिलाशाची गोष्ट ही की हा दोष कायमचा नाही. एक ते तीन आठवडे गेले की दात पूर्ववत होतो आणि पकड पहिल्यासारखी मिळते. बहुतेक दंतवैद्य दोन आठवडे थांबायला सांगतात. थांबण्याला आणखी एक कारण आहे. पांढरे केल्यावर लगेच दात कोरडा पडल्याने वाजवीपेक्षा अधिक पांढरा दिसतो. पुढच्या दोनेक आठवड्यांत तो थोडा उतरतो आणि मग स्थिर होतो. पहिल्याच दिवशी त्या रंगाशी जुळवून फिलिंग केले, तर दात आपल्या रंगावर येईल आणि फिलिंग खडूसारखे पांढरे राहील. म्हणजे पकडही गेली आणि रंगही गेला.

"पण आमच्या भावजयीचं तर त्याच दिवशी केलं, काही झालं नाही," असे कोणी म्हणेलच. असेलही. कमी पकड म्हणजे दुसऱ्या दिवशी पडेलच असे नाही. ते दिसायला सुरेख दिसते, फोटोही छान येतात, आणि मग कधीतरी पेरूचा फोड नाहीतर राजगिऱ्याची चिक्की चावताना कोपरा हातात येतो. किंवा पडत नाही, पण कडेने बारीक फट राहते, तीत चहा मुरतो आणि सहा महिन्यांत तपकिरी रेघ उमटते. तोवर कारण कोणाच्या लक्षात राहते?

प्राणवायू लवकर घालवण्यासाठी क जीवनसत्त्वाचा एक क्षार दातावर लावून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि प्रयोगशाळेत पकड सुधारलेली दिसली आहे. तुमच्या डॉक्टरांनी तसे काही वापरले तर तो त्यांचा प्रश्न. पण क जीवनसत्त्व म्हणजे लिंबू, असा सरळ अर्थ काढून घरी कोणी दातांवर लिंबू चोळू नका! त्याचे काय होते ते पुढे सांगतेच.

आता ताई, तुमचा हिशेब. पत्र लिहिलेत तेव्हा सात आठवडे होते. हा अंक हातात पडेपर्यंत सहा उरतील, म्हणजे बेचाळीस दिवस. कालनिर्णय खाली काढा आणि मुहूर्तापासून मागे मोजा. शेवटचा आठवडा पाहुण्यांचा, मेंदीचा, हळदीचा. त्यात दवाखाना नको. म्हणजे समोरच्या दाताचे नवे फिलिंग लग्नाच्या निदान सात दिवस आधी झालेले हवे, म्हणजे कड टोचली, उंच लागली तर एकदा जाऊन घासून आणता येईल. त्याच्या मागचे चौदा दिवस विश्रांतीचे. म्हणजे जेल मुहूर्ताच्या एकवीस दिवस आधी बंद. त्याच्या मागचे चौदा दिवस जेल लावण्याचे. उरला पहिला आठवडा. त्यात तपासणी, दाढांचा एक्स-रे, दात साफ करणे आणि ट्रेचे माप.

बसते आहे, पण काठोकाठ. म्हणून जेल बंद करण्याची तारीख आत्ताच लाल शाईने लिहून ठेवा. त्या दिवशी दात मनासारखे पांढरे झालेले नसतील, मुलगी म्हणेल, "आई, अजून चारच दिवस." नाही म्हणा. दिवस कमी पडले तर जेलचे चार दिवस कमी करा, मधल्या विश्रांतीचे नको. आणि ज्या घरी लग्न महिन्यावर आले आहे, तेथे पांढरे करण्याचा नाद सरळ सोडून द्यावा. दात साफ करून घ्यावेत, आणि समोरचे फिलिंग डागाळले असेल तर ते दाताच्या आहे त्या रंगाशी जुळवून नवे करून घ्यावे. आठवड्याभरात होते. फोटोत दातांची छटा कोणी मोजत नाही. तुटका कोपरा मात्र दिसतो.

हाच नियम उलट्या बाजूनेही सांगते, कारण ती चूक जास्त होते. "आधी दात भरून घेऊ, मग पांढरे करू" असे पुष्कळजणी करतात. समोरच्या दिसणाऱ्या दाताबाबत तसे करू नये. आधी पांढरे, मग दोन आठवडे थांबणे, मग फिलिंग. पण मागच्या दाढेत कीड असेल, जुने फिलिंग हलत असेल, तर ते मात्र आधी भरून घ्यावे. तेथे रंगाचा प्रश्न नाही, प्रश्न आहे तो गळतीचा.

गळक्या फिलिंगची गोष्ट थोडी गंभीर आहे. नीट बसलेल्या दातातूनही जेलचा थोडा अंश आत नसेपर्यंत पोहोचतोच, म्हणून पुष्कळजणींचे दात त्या दिवसांत शिवशिवतात, गार पाणी लागते. एक दिवस जेल लावले नाही, किंवा पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरली की ते बहुधा कमी होते आणि जेल थांबवल्यावर थोड्याच दिवसांत जाते. पण फिलिंगच्या कडेला फट असेल तर औषध त्या फटीतून सरळ आत उतरते. मग शिवशिवणे राहत नाही, एकाच दातात सळक उठते, गरम चहानेही ठणका लागतो आणि तो लवकर थांबत नाही. असे झाले की "सौंदर्यासाठी थोडं सोसावं लागतं" असे म्हणत बसू नका. जेल बंद आणि डॉक्टरांकडे.

फट आहे की नाही हे पुरते डॉक्टरच सांगतील, पण थोडा अंदाज घरीही घेता येतो. दुपारी निवांतपणी खिडकीजवळ उजेडात हातआरसा घेऊन बसा. प्रत्येक भरलेला दात पाहा. कडेने काळी किंवा तपकिरी रेघ आहे का? जिभेला कड धारदार लागते का? शेंगदाणे किंवा मेथीची भाजी खाल्ली की नेहमी त्याच जागी अडकते का? दातांमधून दोरा फिरवता तेव्हा तो एकाच ठिकाणी फाटतो का? एका कागदावर मांडा : वर उजवीकडे एक, खाली डावीकडे दोन, असे. आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. स्वयंपाकघरातल्या डब्यांची मोजदाद ठेवणाऱ्या आपण, तोंडात काय काय भरून ठेवले आहे ते मात्र कधी मोजत नाही!

हे पाहताना एखादाच दात इतरांपेक्षा काळपट किंवा करडा दिसला, विशेषतः कधीकाळी मार लागलेला, तर तो ट्रे लावून पांढरा करायचा विषय नव्हे. आतली नस मेलेली असू शकते. आधी एक्स-रे, मग बहुधा रूट कॅनॉल, आणि मग तो दात आतून उजळण्याची निराळी पद्धत आहे. ताई, तुमच्या मुलीचा तो दात पडल्यामुळेच तुटला होता, म्हणून त्याचाही एक्स-रे काढायला सांगा. लहानपणापासून दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर तेही निराळे प्रकरण. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार असते, तेथल्या वाचकांना हे पट्टे परिचयाचे असतील. ते साध्या दोन आठवड्यांच्या जेलने जातील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

दिवस गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनी हे सगळे पुढे ढकलावे. अठरा वर्षांखालच्या मुलींना तर नकोच. युरोपात २०१२ पासून कायदाच आहे, की ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइड असलेले दात पांढरे करण्याचे औषध फक्त दंतवैद्यांनाच विकायचे आणि अठरा वर्षांखाली वापरायचे नाही. त्याहून कडक औषध विकायचेच नाही. आपल्याकडे ब्यूटी पार्लरमध्येही खुर्चीवर बसवून दातांना काहीबाही लावून देतात असे कानावर येते. पार्लरवाली बाई भुवया कितीही सुरेख कोरत असेल, तुमच्या दाढेतले फिलिंग गळते आहे की नाही हे तिला कळणार नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचे आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तेथे वेळ लागतो, रांग असते, पण तपासणी आणि साफसफाई कमी पैशांत होते.

आता घरगुती उपायांविषयी थोडे, कारण "लिंबू-सोडा चालेल का?" असे विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. लिंबाचे आम्ल इनॅमल विरघळवते, आणि विरघळलेले इनॅमल नखासारखे पुन्हा वाढत नाही. वरचे पांढरे कवच पातळ झाले की खालचा पिवळा थर अधिकच दिसतो, म्हणजे करायला गेलो काय आणि झाले काय. ग्लास आयोनोमरच्या फिलिंगला तर लिंबू जेलपेक्षाही वाईट. कोळशाच्या पुडीची सध्या पुन्हा टूम आली आहे, काळ्या रंगाच्या महाग टूथपेस्टही मिळतात. आपल्या आज्या कोळशाने दात घासत, तोच कोळसा सुंदर डबीतून परत आला आहे. रवाळ पुडीने कॉम्पोझिटवर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत हळदीचा, चहाचा रंग बसतो. मिश्री लावणाऱ्यांना मी दात पांढरे करण्याचा सल्ला देणारच नाही. ती तंबाखू आहे. आधी ती सोडा, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर तो दाखवा, दातांचा रंग नंतर पाहू.

दवाखान्यातून निघताना दोन गोष्टी कार्डावर लिहून मागा. एक, कोणत्या दातात कशाचे फिलिंग केले. दुसरी, कोणत्या छटेचे. डॉक्टरांकडे छटांची पट्टी असते, तिच्यावर ए-१, ए-२, बी-१ असे क्रमांक असतात. लग्नानंतर मुलगी दुसऱ्या गावी जाईल, तेथे दोन वर्षांनी कोपरा उडाला तर तेथला डॉक्टर हे कार्ड पाहून काम करील. तोवर दातांचा उजळपणाही थोडा उतरलेला असेल, कारण तो कायम राहत नाही, वर्ष ते तीन वर्षांत हळूहळू कमी होतो. पुन्हा दोन-चार दिवस जेल लावावेसे वाटले, तर पुन्हा तोच क्रम आणि त्याच दोन आठवड्यांची विश्रांती.

आणि उरलेले जेल. त्याच्या नळ्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. त्या एका झाकणाच्या डब्यात, वर चिठ्ठी चिकटवून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात ठेवा. एका दाताला तांदळाच्या दाण्याएवढे जेल पुरते, जास्त घातले की हिरडीवर पांढरा चट्टा पडतो आणि चुरचुरते. उरले आहे म्हणून ते नणंदेला किंवा शेजारणीला ट्रेसकट देऊ नका. ट्रे तुमच्या दातांच्या मापाचा आहे, तिच्या तोंडात तो नीट बसणार नाही आणि जेल हिरड्यांवर सांडेल. शिवाय तिच्या कोणत्या दाढेत काय भरले आहे, ते तिने अजून मोजलेले नाही.